मी फक्त वेळ लिहिली

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळ नाही. देवासमोर हात जोडून उभी राहते तेव्हासुद्धा हा विषय शिताफीनं टाळते — जसं काही त्याला ठाऊकच नाही! तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात तर — असू दे. आता काय व्हायचं ते होऊ दे.

पण लगेच जमेल असं समजू नका. मला जरा आजूबाजूनं फिरून यावं लागेल.

मी सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळते. एकोणीस वर्षं झाली. शिवाय पहिल्या वर्षाच्या सगळ्या शाखांच्या पोरापोरींना प्रोग्रॅमिंग शिकवते. नवऱ्याचं नवी पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान आहे. घरी आम्ही निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलतो, आणि माझं डोकं फिरलं की दोन्ही एकदम. तोंडाची तिखट आहे मी, हे कॉलेजच्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. आणि तोंडाची तिखट बाई मनानं साफ असते, असं लोक आपलं आपणच धरून चालतात. त्या समजुतीवर मी किती वर्षं निभावून नेलं, काय सांगू!

सारिका माझी विद्यार्थिनी. वैरागजवळच्या एका वाडीतली, शेती करणाऱ्या घरातली. पहिल्या वर्षाला आली तेव्हा माउसला हात लावायलाही बिचकायची. मीच तिचा हात धरून दाखवलं होतं. पुढं तिनं मेकॅनिकल केलं, बाहेर जाऊन एम.टेक. केलं आणि आमच्याच कॉलेजात शिकवायला आली. इथं थोरल्या बहिणीकडं राहायची. स्टाफरूममध्ये सगळे शुद्ध बोलायचा आव आणत असताना ही खुशाल ‘हाय’, ‘न्हाय’, ‘व्हय की’ करत बोलायची, आणि कुणाला त्यात काही खटकायचं नाही. पहिले काही महिने मी सगळ्यांना सांगत फिरले — माझी पोरगी आहे ती, मी शिकवलंय तिला.

मग हे ‘माझी पोरगी’ म्हणणं कधी बंद झालं?

मला नक्की सांगता येत नाही. डब्यापासून झालं असेल का? हसू नका. मधल्या सुट्टीत तिचा डबा उघडला की सगळं टेबल तिकडं झुकायचं. तिच्या आईच्या हातची शेंगाचटणी, ज्वारीची कडक भाकरी. माझ्या डब्यातली चटणी काय वाईट होती? पण एकोणीस वर्षांत माझ्या डब्याकडं कुणी हात लांब केलेला मला आठवत नाही. इतकी क्षुल्लक गोष्ट, आणि मी ती घरी घेऊन जायचे. भांडी घासताना आठवायचे.

नाही — डबा नव्हे. खरी ठिणगी पडली ती पुण्याहून एक मोठे प्राध्यापक आले होते तेव्हा. त्यांना लॅब दाखवायची होती. माझी लॅब! एकेक केबल मी छताखालून ओढून घेतलेली, पहिला सर्व्हर मी स्टेशनवरून रिक्षात मांडीवर धरून आणलेला. ते गृहस्थ आले आणि तासभर सारिकाशीच बोलत बसले. तिचं संशोधन, तिची गणितं, तिचे आलेख. मी शेजारी उभी. बोलता बोलता ते माझ्याकडं वळले, मला वाटलं आता काहीतरी विचारतील. ते म्हणाले, “मॅडम, जरा एसी वाढवता का?”

आणि सारिका पटकन उठली, “बसा मॅडम, मी करते,” म्हणाली आणि रिमोट स्वतः घेतला. तिनं माझी लाज राखली. मला त्या माणसाचा राग यायला हवा होता की नाही? मला राग आला तो तिचा.

कानडीत मत्सराला ‘होट्टेकिच्चू’ म्हणतात. पोटातली आग. माझी सासू हा शब्द शेजारणींना उद्देशून रोज वापरायची आणि मी मनात हसायचे. त्यानंतर हसू आलं नाही. खरंच तिथंच लागते ती, पोटात, आणि जेवण जात नाही.

तिचं संशोधन काय होतं ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सोलापुरात पत्र्याच्या शेडमध्ये यंत्रमाग चालतात. मे महिन्यात तो पत्रा असा तापतो की आत माणूस उभा राहू शकत नाही, तरी बाया-माणसं आठ-आठ, दहा-दहा तास उभी असतात. सारिकाची बहीण त्यातलीच एक. दोनदा चक्कर येऊन मागाशेजारी पडलेली. तर सारिकानं पीएच.डी.साठी तोच विषय घेतला — पत्र्याच्या शेडमध्ये उष्णता कशी फिरते, खिडकी कुठं पाडली, छताला भोक कुठं ठेवलं तर खालच्या माणसाला किती फरक पडेल. हे सगळं कॉम्प्युटरवर मोजायचं. शेडमधल्या हवेचे वीतभर-वीतभर तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याची क्षणाक्षणाची गरमी काढायची. तिच्या घरात पदवीपर्यंतसुद्धा आधी कुणी गेलेलं नव्हतं, आणि ही डॉक्टर होणार होती. बहीण तर आधीच सगळ्या गल्लीत ‘आमची डॉक्टरीन’ म्हणून सांगत सुटली होती.

आणि मी? माझी पीएच.डी. दोनदा नोंदवून दोनदा सुटलेली. पोरं लहान, सासूचं आजारपण, दुकान — कारणं सगळी खरी होती. पण खऱ्या कारणांनी काही पोट शांत होत नाही.

तर त्या वर्षी कॉलेजला अनुदान मिळालं आणि ठरलं की मोठ्या आकडेमोडीचं यंत्र घ्यायचं. त्यात बसवायची ती ग्राफिक्स कार्डं. नाव ऐकून पोरांना गेम आठवतात. हे तसलं नव्हे. ही डेटा सेंटरमध्ये वापरतात ती कार्डं, यांना बऱ्याचदा पडदा जोडायचीसुद्धा सोय नसते, नुसती दिवसरात्र गणितं. दोन जातींची कार्डं आमच्यासमोर होती. एक महाग, एक बरंच स्वस्त. त्यांची लांबलचक नावं आणि आकडे कुणाच्या तोंडात बसेनात, तेव्हा सारिकानंच त्यांना नावं पाडली — थोरली आणि धाकटी, जावा-जावा असल्यासारखी. मग प्राचार्यसुद्धा तसंच म्हणायला लागले. तेवढ्या पैशात एक थोरली येत होती, नाहीतर तीन धाकट्या.

कुठली घ्यायची? ते कामावर अवलंबून. टॉवेलच्या फोटोवरून विणीतला दोष ओळखायचा असेल तर आकडा ढोबळ असला तरी भागतं. तिथं धाकटी थोरलीच्या बरोबरीनं पळते. लिहिलेलं वाचून उत्तर देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमलाही धाकटी पुरते. पण सारिकाच्या कामात पुढच्या क्षणाचा आकडा मागच्या क्षणावरून काढायचा, त्याच्यावरून त्याच्या पुढचा, असं लाखो वेळा. दर वेळी कणभर चूक राहिली तरी ती साचत साचत सगळं गणित वाया घालवते. म्हणून तिला पंधरा-सोळा अंकांपर्यंत नेमका आकडा लागायचा. आम्ही त्याला ‘डबल’ म्हणतो. ढोबळ हिशेब तो ‘सिंगल’. थोरलीत डबलसाठी वेगळी भरपूर सोय असते. धाकटीत ती नावापुरती.

कंपनीनं दोन्ही कार्डं इंटरनेटवरून दहा दिवस चालवून बघायला दिली. तीन विभागांनी आपापलं एकेक नमुन्याचं काम दिलं. चाचणी घेऊन तुलनात्मक तक्ता करायचं काम माझ्याकडं. सारिका त्या दहा दिवसांत गावी होती, चुलत भावाचं लग्न होतं. जाताना तिनं आपली फाइल माझ्याकडं दिली. मी म्हटलं, चालवताना तूही गावाकडून एकदा बघ. तर म्हणाली, “तुमी हाय की मॅडम. तुमी बगितल्यावर मी आनि कशाला बगू?”

मे महिन्याचे दिवस होते. कॉलेज रिकामं, लॅबमध्ये मी एकटी. विणीचं काम झालं, वाचायचं काम झालं, दोन्हींत धाकटी झकास. मग सारिकाचं लावलं. थोरलीवर ते पाऊण तासाच्या आत संपलं. मी चित्र उघडून बघितलं — आख्खी शेड समोर, पत्र्याखाली लालभडक, खाली येत येत पिवळी, दारापाशी निळसर. इतकं स्वच्छ, इतकं खरं काम होतं ते! मला ते वाचता येत होतं, म्हणजे किती चांगलं आहे हे मला कळत होतं, आणि ते आपल्याला या जन्मात जमणार नाही हेही कळत होतं. धाकटीवर तेच काम सकाळी लावलेलं, संध्याकाळी मी निघाले तरी निम्म्यावर आलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सारिकाच्या फाइलमधली एक ओळ बदलली. ‘डबल’ होतं तिथं ‘सिंगल’ केलं.

लिहिलं एकदाचं. थांबा, अजून पुरं झालेलं नाही.

स्वतःला काय सांगितलं माहितीये? की बाकीची दोन कामं ढोबळ आकड्यांवरच चालवलीत, मग तिन्हींना एकच नियम नको का? वा! काय न्यायप्रिय बाई! सिंगलवर टाकलं आणि धाकटी थोरलीच्या पाठोपाठ आली, थोडीशीच मागं. मग मी उत्तराचं चित्र उघडलं. पत्रा निळा. जमीन लाल. सोलापुरात, मे महिन्यात, भर दुपारी पत्रा जमिनीपेक्षा गार! शाळेतलं पोरगंही म्हणालं असतं की बाई, हे चुकलंय. मी दोन मिनिटं ते चित्र बघत बसले. मग बंद केलं.

आमचा तक्त्याचा नमुना मी फार वर्षांपूर्वी प्रिंटर घेताना बनवला होता. मिनिटाला किती पानं, एवढंच त्यात विचारलेलं. पुढं कॉलेजात काहीही घ्यायचं झालं की तोच नमुना — कामाचं नाव, पहिल्या यंत्राला लागलेला वेळ, दुसऱ्याला लागलेला वेळ, शेरा. उत्तर बरोबर आलं की नाही याला त्यात रकानाच नव्हता. प्रिंटरला कशाला लागतोय? सारिकाच्या ओळीत मी दोन्ही वेळा लिहिल्या. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘दोन्ही योग्य.’ खाली सही केली.

खरेदी समितीच्या बैठकीला सारिका आलेली होती. तक्ता सगळ्यांच्या हातून फिरला. आमच्याकडं पद्धत अशी की ज्यानं तक्ता केला त्याची सही दिसली की बाकीचे वाचत नाहीत, खाली सह्या करतात. प्राचार्य म्हणाले, तिन्ही कामांना धाकटी चालतेय, मग प्रश्नच मिटला, तीन धाकट्या घ्या. सारिकानं मात्र कागद नीट वाचला. ती म्हणाली, “भारीच की! मला वाटलं माज्या कामाला थोरलीच लागंल. बरं झालं, तीन आल्या तर सगळ्यांनाच मिळंल.” आणि माझ्याकडं बघून हसली.

तिनं जर तेव्हा कटकट केली असती, जरा भांडली असती! पण ती आनंदली, तीसुद्धा दुसऱ्यांना मिळेल म्हणून. माझं पोट आणखी जळलं.

आता तुम्ही म्हणाल, खरा तक्ता ठेवला असता तरी समितीनं तीन धाकट्याच घेतल्या असत्या कदाचित. बरोबर आहे. मीही हे शंभर वेळा स्वतःला सांगून बघितलंय. पण मग सारिकाला कळलं असतं, की आपल्या कामाला हे यंत्र नाही. ती पुण्याला गेली असती, कुठल्यातरी मोठ्या संस्थेच्या थोरलीवर पंधरा दिवसांत काम उरकून आली असती. ते एसीवाले प्राध्यापक तर एका पायावर तयार होते. यंत्र कुठलं आलं, हा मुद्दाच नाही. माझ्या तक्त्यानं तिला सांगितलं की हे यंत्र तुझ्या कामाला पुरेसं आहे. त्यामुळं पुढं जे जमलं नाही ते तिला स्वतःचं वाटलं.

यंत्र आलं. तिनं काम लावलं. पंधरा दिवसांत संपायला हवं होतं. दोन महिने झाले तरी संपेना. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. ती माझ्याकडं आली, “मॅडम, तक्त्यात तर बरोबरीनं आलंतं. माजंच कायतरी चुकत असंल.” मी म्हटलं, “कोड तपासून बघ की.”

तिनं तपासला. ओळ न् ओळ. छापून काढला आणि लॅबच्या भिंतीवर कागद चिकटवले, खिडकीपासून दारापर्यंत. वर्गाचे तास संपले की येऊन बसायची. आणि मी — मी तिच्या शेजारी बसायचे. हो, मी तिला मदत करत होते! दोघी मिळून चूक शोधत होतो. मला ठाऊक होतं की ती तिथं नाही. तरी मी बोट ठेवून विचारायचे, “हे चिन्ह बघितलंस का गं?” सगळ्या स्टाफला ती सांगत सुटली की मॅडम घरची कामं सोडून माझ्यासाठी थांबतात. कुणीतरी मला म्हणालंसुद्धा, तुमच्यासारखं मोठं मन पाहिजे. मी “छे हो, काय त्यात” म्हणाले.

मला तेव्हा कसं वाटत होतं? सांगायलाच हवं. बरं वाटत होतं. ती थकलेली दिसायची, डब्याचं झाकण न उघडता बसायची, आणि मला बरं वाटायचं. तिला कितीतरी वर्षांनी माझी गरज लागत होती. पुन्हा ती माझी पोरगी झाली होती, माउस धरता न येणारी. असं वर्ष गेलं, वर निम्मं गेलं. तिकडं तिचे गाइड चिडायला लागले. तुझ्या गणितातच कुठंतरी गोम आहे, म्हणाले.

आणि मग एके दिवशी ती धावत लॅबमध्ये आली. सकाळची वेळ. चेहरा फुललेला, कितीतरी दिवसांनी.

“मॅडम, एक गंमत बगा. मी सहज म्हनून तेच नमुन्याचं काम सिंगलवर टाकून बगितलं. उत्तर तर येड्यासारखं येतंय, पत्रा गार आनि जमीन गरम!” ती हसायला लागली. मीही हसले. देवा, मी हसले! मग ती थांबली. “पन मॅडम, वेळ बगा की. वेळ बरोब्बर तुमच्या तक्त्यातल्याएवढी येती.”

मी पडद्यावरचा आकडा बघितला.

“आनि कंपनीच्या कागदावर बी धाकटीचा डबलचा आकडा लई कमी दिसतोय. तुमी... तुमी डबलवरच चालवलं होतं न्हवं?”

तिच्या आवाजात संशय नव्हता हो. एवढंच होतं की एक शक्यता राहिलीय, ती तेवढी खोडून टाकायची. दरवाजा सताड उघडा होता. ‘अगं, बघते, माझी चूक झाली असेल’ एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. कबुलीसुद्धा लागत नव्हती. चूक म्हणून खपली असती! तिच्या नोंदणीचे अजून चार महिने शिल्लक होते. पुण्याला जायला, थोरलीवर काम करायला, प्रबंध उरकायला चार महिने पुरले असते.

मी म्हटलं, “हो. मग काय? कागदावरचं सोड. मी स्वतः चालवून बघितलंय.”

ती मान हलवून “व्हय, ते बी खरं” म्हणाली. तिनं कंपनीचा कागद माझ्यासमोर फाडून टोपलीत टाकला. समोर आकडे होते, वेळ जुळत होती, तरी तिनं माझा शब्द धरला. यंत्रावर काम करणारी माणसं अशीच असतात — छापलेल्यापेक्षा ज्यानं स्वतः चालवून बघितलंय त्याच्यावर विश्वास टाकतात. हे तिला मीच शिकवलं होतं, पहिल्या वर्षाला.

मी का नाही बोलले? भीती होती का? थोडी. सही माझी होती. पण भीतीच्या आड लपायची सोय मी ठेवणार नाही. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मला स्वच्छ आठवतंय. तिचा फुललेला चेहरा बघून मनात आलं — झालं! आता ही होणार डॉक्टर. आणि ते मला सहन झालं नाही. एवढंच.

चार महिने तिनं तोच कोड पुन्हा पहिल्यापासून लिहिला. नोंदणी संपली. मुदतवाढ आधीच एकदा मिळालेली, दुसरी मिळाली नाही. मग तिनं नोकरी पण सोडली, म्हणाली, पोरांसमोर उभं राहायला लाज वाटते. वैरागच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायला गेली. बहिणीनं गल्लीत काय सांगितलं असेल कोण जाणे. निरोपाच्या दिवशी तिनं भाषणात माझं नाव घेतलं. म्हणाली, मॅडमनी माज्यासाठी जीव काढला, पन माज्याच डोक्यात ते बसत न्हवतं, त्येला त्या तरी काय करनार? सगळ्या बाया रडल्या. शिपाईमामा रडले. आणि मी तिथं बसून विचार करत होते, की मी रिटायर होईन तेव्हा कुणी एवढं रडेल का. तेव्हाही तिचा हेवाच करत होते मी, तिचं सगळं हिरावून घेतल्यावरसुद्धा.

त्यानंतर मी तिला फोन केलेला नाही. तिचा दिवाळीला येतो. मी उचलते, बोलते, पोरांची खुशाली सांगते.

यंदा जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर मी बसले होते. वैरागकडची एक मुलगी आली, बरोबर आई. बारावीला गणितात पैकीच्या पैकी. मी खूश होऊन विचारलं, कॉम्प्युटर की मेकॅनिकल? कुठंही मिळतंय तुला. ती म्हणाली, कुठलंच नको, साधी बी.ए.ची चौकशी करायची होती, ती शेजारच्या कॉलेजात होते का तेवढं सांगा. बी.ए.? या मार्कांवर? माझं तोंड सुटलं, अगं वेडी आहेस का, म्हणून. तर आईनंच उत्तर दिलं.

“न्हाय, तिच्या सारिका मॅडमनी समजावून सांगितलंय. त्यांनी सोता करून बगितलंय म्हनं हितं, लई वर्सं. म्हनत्यात, बारावीपर्यंतचं गनित येगळं आनि त्ये मोटं गनित येगळं. आपल्याकडच्या पोरींच्या डोक्यात त्ये बसत न्हाय. उगंच जिवाला घोर. त्या सोता एवड्या हुशार, त्यांला जमलं न्हाय तर हिला काय जमंल?”

मुलगी खाली बघत होती. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाली, “मॅडमनी तुमाला नमस्कार सांगितलाय. तुमी त्येंला लई सांभाळून घेतलं म्हनत होत्या.”

मागं रांग होती. तिच्या गुणपत्रिकेवर माझा हात होता, तो मी उचलला. तरी बोलायला मला भरपूर वेळ होता. त्या दोघी माझ्याकडं बघत उभ्या होत्या.

मी म्हटलं, “शेजारचं कॉलेज ना? गेटातून बाहेर पडलात की डाव्या हाताला.”